पाहुण्यांसमोरचं एक वाक्य

शुक्रवार, संध्याकाळ

उद्या शाळेत माझं भाषण. सरपंचांनी त्यात एक वाक्य घालायला सांगितलं: आपल्या गावात बालविवाह होत नाहीत.

"राणीला माझ्या नववीच्या वर्गातून उठवून तिचं लग्न लावलं. तुम्हीच अक्षता टाकल्यात," मी म्हणाले.

"बीडहून पाहुणे येनार हायेत, मॅडम. गावाची इज्जत हाय. कशापायी अडून बसता?"

इज्जत कुणाची?

राणी उद्या सासूशेजारी सतरंजीवर बसून ऐकणार. तिच्यासमोर ते वाक्य म्हणू? नाही. तिचं नावही घेणार नाही. तिला पुन्हा मांडवात उभं करायचं नाही.

मान्यवरांच्या नावांत इथं निम्मं भाषण जातं. उद्या तीही गाळणार. बायकांच्या सतरंजीकडे बघून पहिलंच वाक्य म्हणेन: लग्न झालेल्या मुलींनाही वर्गाचं दार उघडं आहे.

माइक बंद करतील. करू देत. माझा आवाज सतरंजीच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो.