लाकडाला अर्थ नाही

अण्णा, मला भीती वाटतेय. तुम्ही असतात तर हे तोंडाने बोलले नसते, दुकानात येऊन नुसते पान्हे पुसत बसले असते आणि तुम्ही काय ते ओळखलं असतं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चौसाळ्याला आपलं दुकान नेमकं कुठं होतं ते मलाही धड दाखवता येत नाही. हायवे रुंद झाला, त्यात ते गेलं. मी घरीच पुढच्या खोलीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. मोटारसायकली, ट्रॅक्टर, कधी एखादा टेम्पो. नवीन गिऱ्हाईक आलं की अजून विचारतं, "मिस्त्री कुठं हाईत?" मी म्हणते, "मिस्त्रीच बोलतीय, काय बिघडलंय ते सांगा." तेव्हा भीती वाटत नाही. आता वाटतेय, आणि तिचं कारण तुमचे जावई आहेत.

तुम्हीच पसंत केले होते. ट्रकचा हॉर्न अडकला म्हणून आले होते आणि तुम्ही बॉनेट उघडायच्या आत कुठली तार घासतेय ते त्यांनी आवाजावरून सांगितलं होतं. त्यावर तुम्ही आईला म्हणालात, "गाडीचं ऐकतोय, बायकूचंबी ऐकंल." अण्णा, तेवढं मात्र तुमचं साफ चुकलं. ट्रक सुटला, गुडघे गेले, गप घरी बसावं की नाही? तर ह्यांनी अंगणात होडी बांधायला घेतली. साधी नाही, शिडाची. केरळच्या फेऱ्यांत कुठल्याशा बंदरावर बघितली होती म्हणे, तेव्हापासून डोक्यात. "इंजन न्हाई, डिझेल न्हाई, आवाज न्हाई. नुस्ता वारा. आयुष्यभर घर्रघर्र ऐकली, आता जरा शांत चालवू दे की." मोबाइलवर बघून बघून प्लायवूड कापलं, शीड मंडपवाल्याकडच्या कापडाचं शिवलं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरमागं पळावं लागतं, तिथं अंगणात होडी! गल्लीतली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची. एक जण म्हणाला, "टँकर आला की त्यातच सोडा." हे हसले आणि रंधा मारत राहिले.

मग एक दिवस माझ्यापुढं फळी आणून ठेवली. "डॅशबोर्ड तू करायचा. ड्रायव्हरच्या म्होरं डॅशबोर्ड नसंल तर त्यानं बगावं कुठं?" उजवीकडं हिरवा दिवा, डावीकडं लाल, हॉर्न, बॅटरीचा मीटर, आणि आत पाणी शिरलं तर उपसून टाकायला छोटा पंप. वर उदबत्तीचं घर पाहिजे, ते वेगळं. स्पीडोमीटरसुद्धा मागत होते. मी म्हटलं, "आवं, चाकं हाईत का तिला?" खोटं कशाला बोलू, मला मजा आली. फळीला काळा रंग दिला, ट्रॅक्टरचे स्विच लावले, फ्यूजबॉक्स बसवला. किती दिवसांनी एखादा बोर्ड कोऱ्या फळीपासून करत होते.

तुमच्याकडं मी शिकले ते हात बारीक म्हणून. ट्रकच्या डॅशबोर्डमागं तुमचा हात जायचा नाही. तुम्ही बाहेरून सांगायचात आणि मी आत चाचपडत असायची. "तार एकच न्यायची गं. परतीची तार बॉडी असती. कुटंबी लोखंड बग, खरड, आन् अर्थ मार." जेवढं लोखंड तेवढी करंटाला परतायची वाट, हेच तुमचं अर्थिंग. मीही नंतर कितीतरी गाड्यांना असाच अर्थ दिला. आता विचार करावा लागत नाही, हातच लोखंड शोधतो.

एकदा एका घाईतल्या ड्रायव्हरचा फ्यूज सारखा उडत होता म्हणून मी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली. हॉर्न वाजला, तो खूश, मी त्याहून खूश. तुम्ही चहा पिऊन आलात, बघितलंत, चालू ट्रकपुढं आडवे उभे राहिलात. "खाली उतर बे!" त्याला. आणि मला, सगळ्या रस्त्यासमोर: "फ्यूज भितोय म्हनून बाकीचं वाचतंय. तू त्याची भीतीच काडून घेतली!" पण त्या रागापेक्षा मला आज दुसरंच आठवतं. गाडी दुरुस्त होऊन निघाली की तुम्ही हातातलं फडकं तसंच धरून, ती वळणाआड जाईपर्यंत रस्त्याकडं बघत उभे राहायचात. मला वाटायचं, कंबर मोकळी करताय. अण्णा, तुम्हाला भीती वाटायची का हो? रोज? प्रत्येक गाडीची?

होडीच्या तळाला ह्यांनी मजबुतीसाठी लोखंडी पट्टी मारली होती, दोन तुकडे नटबोल्टनं जोडून. माझ्या हाताला तेवढं पुरलं. खरडलं, बॅटरीचा अर्थ एका टोकाला मारला, पंपाचा आणि दिव्यांचा दुसऱ्या टोकाला. अंगणात सगळं चकाचक चाललं. पंपानं बादलीतलं पाणी भुर्रकन बाहेर फेकलं. ह्यांनी हॉर्न वाजवून वाजवून गल्ली गोळा केली.

पहिली चाचणी पाटोद्याकडं, दिराच्या शेततळ्यात. तळं ते केवढं, त्याला काय भ्यायचं, म्हणून ह्यांनी पाण्यात तरंगायचं नारिंगी जाकीट काठावरच टाकलं. शेततळं तुमच्या वेळी नव्हतं, म्हणून सांगते. मोठा चौकोनी खड्डा, आतून सगळा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. विहिरीत पोहलेला माणूससुद्धा त्यात पडला तर वर येऊ शकत नाही. हाताला धरायला काहीच नसतं, पाय टेकला की घसरतो.

मधोमध गेल्यावर एक सांधा पाझरायला लागला. हे मजेत होते. मला हात केला, पंपाचा स्विच दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मी काठावरून बघतेय, दोन्ही दिवे गेलेले. "बोर्ड मेला गं!" ते ओरडतात. अजून हसतच ओरडतात. मग होडी एका अंगाला कलते आणि ते पाण्यात. पोहत काठापर्यंत येतात, कागदाला हात लावतात आणि घसरून खाली जातात. पुन्हा वर येतात, पुन्हा घसरतात. मी चार हातांच्या अंतरावर उभी आहे आणि मला पोहता येत नाही. मी पुढं झाले तर दीर माझ्यावर खेकसला, "वयनी, मागं व्हा, तुमीबी जासाल!" त्यानं बैलाचा कासरा फेकला. दुसऱ्या फेकीला तो ह्यांच्या हाताला लागला.

बाहेर काढल्यावर ते किती तरी वेळ नुसते धापा टाकत पडले होते. मग पहिलं वाक्य काय, तर "पंप कावून चालला न्हाई?"

मला तोवर कळलं होतं. पाण्यात होडी पिळवटली, पट्टीचा जोड ढिला झाला, एका बोल्टवर सगळ्या बोर्डाचा अर्थ होता तो तुटला. मी म्हटलं, "माझी चूक. मी बॉडीला अर्थ दिला. हिला बॉडीच न्हाई, आवं. लाकूड हाय ते." आणि रडायला लागले. ते मलाच म्हणाले, "रडतीस कशाला? आता कळलं न्हवं? दुरुस्त कर." काय म्हणावं ह्या माणसाला! मी तिथंच सांगितलं, ही होडी फोडून चुलीत घाला. ते म्हणाले, "घालतो. एकदा नदीवर जाऊन आलो की घालतो."

नदी म्हणजे गेवराईकडची गोदावरी, बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी. वरून सपाट, शांत दिसतं. खाली वाळू उपसून केलेले खड्डे, त्यांचा ठाव तिथल्या माणसांनाही नाही. पण सांधा ह्यांनी बुजवलाय, जाकीट घालीन म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय. आणि मी बोर्ड सगळा उचकटून पुन्हा केला. प्रत्येक दिव्याला जायची एक तार आणि परत यायची एक. तुम्ही बघितलं असतं तर हसला असतात, एवढ्याशा फळीमागं केवढा तारांचा पुंजका! प्रत्येक टोक ओढून बघितलं. पट्टीला काही लावलेलं नाही. तरी डोळे मिटले की हिरवा कागद दिसतो आणि त्यावरून घसरणारे हात. जे मला माहीत होतं तेच चुकलं, तर जे माहीत नाही त्याचं काय? हे तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?

हा कागद तुमच्यापर्यंत यायचा नाही, ठाऊक आहे. शनिवारची दुपार आहे. उद्या सकाळी दिराचा टेम्पो यायचाय, होडी गेवराईला न्यायला. बोर्ड मांडीवर आहे, त्यावरच कागद ठेवून लिहितेय. अंगणातून ह्यांचा आवाज येतोय, "झाला का गं बोर्ड?"

मी म्हणते, "एक तार राहिलीय."

"मंग उद्याचं पुडं ढकलू. सावकाश कर. घाई न्हाई."

एकही तार राहिलेली नाही, अण्णा. मागच्या शनिवारीही राहिलेली नव्हती.