जपानातून वापस आलेला खडखडाट

देऊळघाट
मंगळवार, दिवाळी सरल्यावर

चि. पुष्पांजली इले आजीचा आशीर्वाद.

इकडं सारं बरं हाये. तुझ्या आज्याचे कान गेले, जीभ शाबूत हाये. तुझ्या बापाले फोन केला का तो "हाव, हाव" करते न ठेवून देते, म्हणून तुले लिवते. माह्या अक्षराले हसू नको. मले चौथीतून काढलं, अक्षर तवापासून तिथंच बसलं हाये.

तुझा बाप आपल्या घरी काऊन येत नाही, हे तुले कोणी सांगतलं नसंन. ऐक. पोरगा असताना त्याले एक खूळ होतं. गाणे नाही, नुसते आवाज भरे कॅसेटीत. कापसाच्या जिनिंगची मशीन, विहिरीवरचं इंजन, लोखंडी पिपावर हातोडा, सारं एकावर एक. न घरी मोठ्यानं वाजवे. तुझा आजा जिनिंगमधी कामाले. दिवसभर तेच कानात घेऊन घरी ये, तं घरी बी तेच! एक दिवस म्हणाला, "जेवण तरी शांत करू दे बे. हे वाजवाचं असंन तं घराबाहेर हो."

हा झाला बाहेर. तो नाशकात जाऊन टेप-मिक्सर दुरुस्त करू लागला. आता बुढा म्हणे, "मी बोलावणार नाही." तुझा बाप म्हणे, "ते बोलावतीन तवा येईन." दोघायचं बी नाक एकाच साच्यातलं.

मले काय फरक पडते. माह्या मागं कामं कमी हायेत का.

तं मागच्या महिन्यात पुण्याहून अनुपमा नावाची एक पोरगी आली. कोणी न ऐकलेल्या अशा कॅसेटी हुडकत फिरते. असल्या खडखडाटाच्या संगीताले नॉईज म्हणतात, इंडस्ट्रियल म्हणतात, असं तिनं सांगतलं. तुझा बाप तवा पोस्टानं आपल्या कॅसेटी परदेशात धाडे, तिथले लोक त्यायच्या धाडत. जपानातल्या एका माणसाच्या पेटीत याची कॅसेट निघाली, वर आपला पत्ता. पोरगी म्हणे, तवा कोणाले समजलं नाही, आता लोक पुन्हा ऐकून राह्यले, लै मोठं काम हाये.

म्या म्हटलं, "काऊन वं, जपानात जिनिंग नाही का?"

"आजी, घरी आणखी कॅसेट असतील ना?"

"होत्या. पट्ट्या काढून ज्वारीत बांधल्या, पाखरं हाकलायले."

पोरगी खालीच बसली. म्या म्हटलं, "रडू नको. पाखरं लै भेली, एवढं खरं."

मंग शेजारच्या रहेमतुल्ला टेलरचा जुना टेप मागून आणला न पोरीनं संगं आणलेली ते जपानवाली कॅसेट लावली. खडखड, घरघर, धाडधाड. रहेमतुल्ला भिंतीवरून म्हणे, "भाभी, मिक्सर में चमचा गिरा क्या?" अन मधातच माहा आवाज! "अबे दीपक्या, बंद कर ते! म्हैस पान्हा चोरून राह्यली!" पुढं दोन शिव्या. त्या लिवत नाही, तुह्या लग्नाचं पाहाचं हाये अजून.

अनुपमा म्हणे, "आजी, एवढी जागा ऐकायला लोक कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घेतात."

म्हणजे माही शिवी जपानात पोचली, न मी अजून शेगावच्या पुढं गेली नाही.

बुढा खाटेवर होता. कानात वरडल्याबिगर त्याले काही ऐकू येत नाही. उठला, टेपवर तळहात ठेवला, न तसाच उभा राह्यला. कॅसेट सरली तं म्हणे, "पुन्हा लाव." पोरीनं आवाज आपल्या मशीनीत उतरवून घेतला न कॅसेट त्याच्याजवळच सोडून गेली. तवापासून सकाळ-संध्याकाळ तेच. जेवताना शांती पाह्यजे म्हणून ज्यानं पोरगा हाकलला, तो आता एक हात टेपवर ठेवून जेवते. पोराचं नाव मातर काढत नाही.

आता खरी गोष्ट. परवा तो आंघोळीले गेला, तवा म्या कॅसेटीची पट्टी ओढून बाहेर काढली. चांगली ओंजळभर. बुढ्यानं येऊन पाह्यलं न बोंबलला, "हे आता कोण दुरुस्त करंन?"

म्या हातानं इचारलं, कोण?

टेपजवळ जाऊन बसला. जेवला नाही. चहावर साय धरली. दिवे लागायच्या टायमाले म्हणे, "दीपक्याले बोलाव."

म्या त्याच्या कानात वरडली, "कोण्या दीपक्याले?"

"आपल्या!"

बहिरा माणूस हळू बोलते का? साऱ्या गल्लीनं ऐकलं. रहेमतुल्ला गवाह हाये.

तं बापाले सांग, बोलावणं झालं. दुरुस्तीचं सामान घेऊन ये म्हणा. तू बी ये. पट्टी कुठं तुटली नाही. म्या पेन्सिलीनं पुरी गुंडाळून डाळीच्या डब्यात ठेवली हाये. हे मातर त्यानं उंबऱ्यात पाय ठेवल्यावरच सांगजो.

अन म्हैस आता नाही, गोठा रिकामा हाये. त्याले म्हणा, पाह्यजे तेवढा आवाज कर.

तुझी आजी,
गोजरबाई