मोहफुलांच्या दिवसांत कलम एकोणसाठ

११ मार्च १९५८, मंगळवार
माझं आयुष्य बदललं ते काल दिवेलागणीला. पोचू मिस्त्रीची अन्नपूर्णा लाकूड कापायच्या आरामशीनच्या फाटकाशी बापासाठी भाताचा डबा घेऊन आली आणि मला म्हणाली, "बाबू, नायनाले अजून काऊन नाई सोडलं?" (पोचू सिरोंच्याकडचा. ती बापाला नायना म्हणते.) बस्स. तोच क्षण.
त्या एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. एक, मी प्रेमात आहे. दोन, फॅक्टरी ॲक्ट, कलम ५९. दिवसाला नऊ तासांच्या वर काम घेतलं की जादा वेळेची मजुरी दुप्पट. मी इथला हजेरी लिहिणारा बाबू. आमचा मालक भैयाजी जादा वेळेचे पैसे देतो, पण साधेच. लॉ कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडलं (प्रोफेसरशी भांडण, चूक त्यांची), पण हे कलम वाचून सोडलं.
संकल्प: पोचूला दुप्पट मिळवून द्यायचं. मग तो स्वतःच विचारेल, बाबू, आमच्या पोरीचं काय? मी थोडा विचार करून हो म्हणेन.

१२ मार्च
भैयाजीला काही कळू द्यायचं नाही, असं सकाळी ठरवलं. दुपारी कळलं. मीच सांगितलं. डोकं फिरलं, काय करणार.
भैयाजी चिडला नाही. म्हणाला, "करा नं तक्रार, गुणवंतराव. तुमी शिकेल मानूस. टिकिट नसन तं माह्याकडून घेऊन जा."
टिकिट घेतलं नाही. तत्त्व आहे.
संध्याकाळी पोस्टात टिकिटं संपली होती. घेतलं.

१५ मार्च
नागपूरच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला अर्ज गेला. इंग्रजीत. 'ताबडतोब' या अर्थाचे चार शब्द घातले.
आता पोचूच्या घरी रोज जातो. कायदा समजावायला. तो बिडी ओढत ऐकतो, मध्येच झोपतो. अन्नपूर्णा चुलीपाशी असते. काल तिने मला पाणी दिलं. न मागता!
सिरोंच्याचा कोणी मासे धरणारा मुलगा तिला बघून गेला म्हणे. बघून जाणारे बरेच असतात.

२१ मार्च, शुक्रवार
उत्तर आलं! इन्स्पेक्टर येत्या शुक्रवारी, २८ला, सकाळी आठला येणार. मशीनवर सगळ्यांना जमवून सांगितलं. साहेब विचारतील, खरं सांगायचं, रात्री आठ-आठ, नऊ-नऊपर्यंत राबतो म्हणून. सगळ्यांनी माना हलवल्या. अशी एकी नागपुरातसुद्धा पाहिली नाही.
फक्त म्हातारा इतवारी म्हणाला, "शुक्रवारी, बाबू? तवा तं मोहफुलं पडून राहतेत."
मी म्हटलं, पडू दे. तो हसला. बाकीचे पण हसले. वातावरण छान होतं.

२७ मार्च, रात्र
उद्या. धोतर की पॅन्ट? पॅन्ट. भाषण पाठ. अन्नपूर्णा सकाळचा डबा घेऊन येईल तेव्हा मी साहेबांशी इंग्रजीत बोलत असेन.
भैयाजी आज सगळ्यांशी फार गोड वागत होता. घाबरला.

२८ मार्च
आठ वाजता साहेबांची जीप. मशीन बंद. इंजिन थंड. चौदा माणसांतला एक नाही. फाटकात कुत्रं.
भैयाजीने छपरीत खुर्ची मांडली होती, चहा तयार. म्हणाला, "मोहाचा हंगाम हाये साहेब. वर्षाचं घर चालते त्याच्यावर. मी सुट्टी देतो. कालच देल्ली." साहेब म्हणाले, व्हेरी गुड.
मी गोंडपिपरीचा, याच मुलखातला! आमच्या शेताच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे. पण फुलं पहाटे पडतात, आई अंधारात वेचून आणायची, मी उठेपर्यंत अंगणात वाळत पडलेली असायची. मला कोणी उठवलंच नाही कधी. यात माझा काय दोष?
साहेबांना धरून जंगलात नेलं. सगळे झाडांखाली उकिडवे, टोपल्या भरत. अन्नपूर्णापण. साहेबांच्या बुटाखाली फुलं चिरडली, तिने वर पाहिलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे. रागाने.
साहेबांनी पोचूला विचारलं, रात्री किती वाजेपर्यंत काम?
पोचू म्हणाला, "घडी कोनापाशी हाये साहेब? भोंगा वाजला का येतो, भोंगा वाजला का जातो."
"भोंगा कोण वाजवतं?"
"भैयाजी."
मी भाषण सुरू केलं. इतवारी म्हणाला, "बाबू, थोडं बाजूले व्हा नं. फुलावर उभे हा."

३१ मार्च
म्हटलं तर विजयच. साहेबांनी ताकीद दिली, संध्याकाळी सहानंतर काम नको. भैयाजीने लगेच मान्य केलं. पाटी लावली. कायदा पाळला गेला!
इतवारी विचारत होता, मग जादाचे पैसे? मी म्हटलं, जादा कामच नाही तर जादा पैसे कसे?
तो म्हणाला, "दुप्पट म्हणत होते नं तुमी. होतं थेबी गेलं."
त्याला समजावून सांगायला वेळ लागेल.

४ एप्रिल
मोहाची सुट्टी संपली. भोंगा झाला, सगळे आत गेले. पोचूला फाटकावरच थांबवलं. भैयाजी म्हणाला, "तू राहू दे."
का, मी विचारलं. भैयाजी हळूच म्हणाला, "गुणवंतराव, तुमी रोज कोनाच्या घरी जात होते? गावानं पाह्यलं. हे सारं डोकं त्याचं हाये, तुमी तं लेकरू हा."
पोचू! जो माझं एक कलम जागेपणी ऐकू शकला नाही!
डोकं फिरलं. राजीनामा फेकणार होतो. पण पगार दहा तारखेला.
संकल्प: माफी कधीही मागायची नाही. कधीही.

६ एप्रिल, रविवार, संध्याकाळ
ती आली. माझ्या खोलीवर, एकटी! मी केस सारखे केले.
उंबऱ्यावरच उभी राहिली. "तुमी आमच्या घरी रोज काऊन येत होते?"
उत्तर तयार होतं, दिलं दुसरंच. म्हणालो, "कायदा सांगायला."
"नायना जादाचे पैसे माह्या लग्नासाठी ठेवत होता. सिरोंच्याचे लोक वैशाखात येऊन राह्यले. आता तं रोजीच गेली." मग तिचा आवाज खाली आला. "भैयाजी म्हणते, बाबूनं समद्यांसमोर माफीनामा देल्ला, अन् नायनाचा हात नव्हता म्हणून लिहून देल्लं, तं घेतो त्याले. लिवा नं, भाऊ."
भाऊ म्हणाली. इकडे सगळ्यांनाच म्हणतात.
लिहिला. मराठीत. एका ओळीत कलम ५९ घातलं होतं, मग वाटलं भैयाजी चिडेल, खोडलं. माझी नोकरी राहणार नाही, हे त्यात भैयाजीने आधीच धरलं असेल.
लिहिता लिहिता ध्यानात आलं, हजेरी लिहीत मीही रोज रात्री नऊपर्यंतच बसत होतो. माझे जादा वेळेचे साधे पैसेसुद्धा कधी मागितले नाहीत. सुचलंच नाही.
ती अजून अंगणात उभी आहे. कागद घेऊन भैयाजीकडे मीच जातो. दिवा विझवतो, दार ओढून घेतो.