नाव येईपर्यंत बसा

मुरबाड, रविवार संध्याकाळ

शहापूरच्या थिएटरात सिनेमा संपताच लोक उठले. नावं यायची होती अजून! माझ्या दिनेशने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या रॉक गाण्यांत ट्रम्पेट वाजवला, नाव कुठेच नाही. आज अख्ख्या सिनेमाचं संगीत त्याचं. मी वाट अडवून उभी राहिले. "बसा! माझ्या मुलाचं नाव वाचून जा." शाळेत वर्गाला दटावायचे, तशीच.

पहिले बसले शेजारचे पांडूभाऊ. हेच पूर्वी मला टोमणा मारायचे, "बाई, पोर हळदीतच पिपानी वाजवनार काय?" आज मागच्यांवर ओरडले, "बसा रे, आमच्या दिन्याचा नाव येतंय!"

आमच्या? कधीपासून? जाब विचारणारच होते. तेवढ्यात पडद्यावर नाव आलं आणि त्याचा ट्रम्पेट एकटाच वाजू लागला.

पांडूभाऊंच्या आधी मीच शिट्टी मारली. मला शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ऐकली असती तर!