अर्धं राहिलेलं अनुमान

तारापूर, मार्च १९६९

घरधन्यांस,

तुमचं नाव घेतलं म्हणून रागावू नका. लग्नात सुटलेलं कॉलेज या वयात पुन्हा धरायला तुम्हीच लावलंत. पालघरच्या वर्गात पोरी मला मावशी म्हणतात, तेही मी सोसते.

तर्कशास्त्र मात्र डोक्यात शिरेना. पुस्तकातल्या उदाहरणात कुणी परदेशी माणूस होता. त्याचं नाव जिभेवर बसेना, म्हणून तिथे तुमचं घातलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते प्रथमच तोंडातून निघालं. सगळी माणसं मर्त्य आहेत. हिराजी माणूस आहे. म्हणून...

"पुढं बोलू नको!" चुलीपाशी बसलेल्या सासूबाई ओरडल्या. "त्याची होडी अजून यायची हाय."

दिवाळीच्या वादळातून बाकी सगळ्या होड्या परतल्या. अणुकेंद्राचे दिवे लांबूनही दिसतात, वाट चुकायला नको होती. सासूबाई अजून रोज तुमचं ताट वाढतात.

तुमचं नाव घेतलं त्या संध्याकाळपासून मी पाठ करायला बसले की उंबऱ्याबाहेर ओली पावलं उमटतात. "म्हणून"पाशी मी थांबते, तेव्हा पाठीमागे कुणीतरी श्वास रोखून धरतं. सासूबाई दाराकडे बघून हसतात. मी वळत नाही.

उद्या परीक्षा आहे. तुमच्या नावाशिवाय मला ते उदाहरण येत नाही, आणि तिथे वाक्य पुरं करावंच लागेल. मग तुम्ही येणार नाही, एवढं तर्कशास्त्र मलाही कळतं.

आज बोंबील केलेत. उंबऱ्यावर थांबू नका. आत या, जेवून जा.

वाक्य अडवून बसलेली,
मंजुळा