मामा, बाही वर करा

ओलायिंका मामा,

गुडघे टेकून नमस्कार. रीत म्हणून करतेय, मनातून नाही.

रविवारी आईनं अंगणात माझ्यापुढे, पोटच्या पोरीपुढे, गुडघे टेकले. मलाच स्वतःची आई समजून म्हणाली, "भूक लागलीय गं, कंदाच्या पिठाचा गरम अमाला वाढ ना." मीही तिच्यासमोर गुडघे टेकले. तुम्ही सगळ्या भाऊबंदांसमोर ओरडलात, "चेटकीण झालीय ही! हिला पाद्रीबुवांच्या प्रार्थनेच्या छावणीत नेऊन बांधून ठेवतो."

नेऊन तर बघा.

हा आजार आहे म्हटलं, तर हसलात. "तू आपल्या बाटल्या हलव." हो, हलवते. इथे इबादान शहरातल्या प्रयोगशाळेत आपल्याच म्हाताऱ्यांचं रक्त तपासते. बाहेरच्या देशांत जे जनुक माणसांची आठवण पोखरतं, तेच अंगात घेऊन आपल्याकडचे कितीतरी म्हातारे ठणठणीत फिरतात. त्यांना कोण सांभाळतं, आणि आईलाच का सांभाळलं नाही, हे मी शोधून काढणार आहे. आईच्या रक्तात ते दोन्हीकडून आलंय, आजोबांकडून आणि आजीकडूनही. मामा, तुमचेही आईबाप तेच.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही ते पाद्रीबुवांपुढे नाचवाल. त्यापेक्षा शनिवारी मीच सुई घेऊन दारात येते. बाही वर करून बसा.

आणि उद्या तुम्हीच, पुरुषांच्या रीतीनं नमस्काराला माझ्यापुढे आडवे पडून, मला आई म्हणालात, तर मी चेटक्या म्हणून ओरडणार नाही. रविवारी आईसमोर टेकले तसे तुमच्यासमोरही गुडघे टेकेन आणि विचारेन, "भूक लागली का रे बाळा? अमाला वाढू?"

तुमची, न ऐकणारी भाची,
मोरेनिके