पसरणीच्या घाटात दमणारी गाडी

आबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले आहे ते एका गाडीबद्दल. तुम्ही असता तर गाडीचा निकाल एका चकरेत लागला असता आणि पुढचं काही घडलंच नसतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी पाचगणीच्या अलीकडे स्ट्रॉबेरी करते. त्यासाठी पिकअप घेतली आहे. वाईहून शेणखत आणि रोपं वर आणायची, फळं खाली पोचवायची. गाडीवर बारा वर्षं एकच ड्रायव्हर आहे. माणदेशातला, पन्नाशी ओलांडलेला, बापजादे मेंढरं राखणारे. पावसाळ्यात गाडी बहुतेक उभीच असते. या वर्षी पाऊस उघडला, खताच्या खेपा सुरू झाल्या आणि तो म्हणायला लागला, "बाई, गाडी चढाला दमतीया. सपाटीला वाऱ्यावानी पळती. घाटात निम्म्यात आली की किती बी दाबा, उठंना. धा मिंटं उभी केली की परत पळती." त्याने एअर फिल्टर झाडला. डिझेलचा फिल्टर स्वतः वाईहून आणून बदलला. काही फरक पडला नाही. रोपं उन्हात वाळत होती, लावणीच्या बायका बांधावर बसून होत्या आणि हा रोज तासभर उशिरा येत होता.

चौथ्या दिवशी मी सगळ्या बायकांसमोर त्याला विचारलं, "डिझेल कुठे विकतोस? त्यात रॉकेल घालतोस की पाणी?" त्याने हातातली रोपांची पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई, एक डाव माझ्यासंगं घाट चढा. बाजूला बसून बघा." यावर मी जे बोलले ते तुमच्यापुढे लिहायलाही लाज वाटते. मी म्हणाले, "मेंढरं हाकणाऱ्याने मला गाडी शिकवू नये." बायकांतली एक फिदीफिदी हसली. त्याने किल्ली पायरीवर ठेवली, डबा उचलला आणि पायी खाली निघून गेला.

तुमची कडेगावची गाड्या दुरुस्तीची शेड मला त्याच वेळी आठवायला हवी होती. मी सांगलीला कॉलेजात होते, सुट्टीत घरी आले होते. उसाच्या ट्रकचा ड्रायव्हर चढाला गाडी बसते म्हणून सांगत होता आणि मी, फिजिक्सची पुस्तकं वाचलेली, मधेच म्हणाले, "एवढा ऊस भरल्यावर बसणारच. हाच जास्त भरत असेल." तुम्ही हातातला पाना खाली ठेवता. ड्रायव्हरला स्टुलावर बसवता, चहा मागवता. बॉनेटला अजून हातही लावलेला नाही. "कुटं बसती? चढ लागल्या लागल्या, का निम्म्यात गेल्याव? थांबल्याव परत येती का?" तो सांगतो आहे आणि तुम्ही मान खाली घालून ऐकता आहात. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणता, "बाय, ह्यो मानूस रोज तिच्या पाठीवर बसतोय. त्याला गप करून तू गाडीला काय इचारनार?" आणि मला त्या केबिनमध्ये तुमच्या दोघांच्या मधे बसवून सागरेश्वरच्या घाटात नेलंत. डिझेल आणि घामाच्या वासात मी नाकाला ओढणी लावून बसले होते. ड्रायव्हरने ते पाहिलं होतं, तुम्हीही पाहिलं होतं.

माझा ड्रायव्हर निघून गेल्यावर मी वाईचा एक मेकॅनिक बोलावला. त्याने टर्बोचे पाइप पाहिले, इंजेक्टर काढायला हवेत म्हणाला. मला ते पटेना. दोन दिवसांनी शेजारच्या मळ्यातला ड्रायव्हर मागून आणला, मागे खत भरलं आणि त्याच्या बाजूला बसले. वाई सोडली, पसरणीचा घाट लागला, गाडी झकास. निम्म्यात आल्यावर तिचा आवाज खोल गेला आणि ती रांगायला लागली. चढ लागल्या लागल्या नाही, निम्म्यात. म्हणजे दम आहे, पण डिझेल पोचत नाही. मी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा ओढल्याचा लांब सुस्कारा आला. झाकणाखाली दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक ताणून बसवलं होतं. ते मीच बसवलं होतं, जूनमध्ये, टाकी भरून गाडी उभी केली तेव्हा; त्यानंतर झाकण कुणी उघडलंच नव्हतं. आमच्याकडे पाऊस आडवा येतो, गेल्या वर्षी डिझेलमध्ये पाणी गेलं होतं, म्हणून. त्या प्लॅस्टिकने झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलं. भरल्या गाडीने चढाला डिझेल भराभर ओढलं की टाकीत हवा यायला वाटच नव्हती, डिझेल अडायचं; गाडी उभी केली की कडेने थोडी हवा झिरपायची आणि ती परत पळायची. प्लॅस्टिक काढलं आणि गाडी एका दमात वर आली.

रविवारी मी माझ्या ड्रायव्हरच्या वाडीवर गेले. त्याच्या बायकोने घोंगडं अंथरलं, चहा दिला. माफी मागायचीच असं ठरवून गेले होते. "गाडीचं दुखणं सापडलं," मी म्हणाले. त्याचा चेहरा एकदम उघडला. "सापडलं व्हय? काय व्हतं, बाई?"

आबा, पस्तीस वर्षं मी मुलांना उभं करून खरं बोलायला लावलं. माझ्या तोंडून निघालं, "फिल्टर."

त्याने कपाळावर हात मारला. मग बायकोकडे बघत म्हणाला, "आगं, त्यो फिल्टर म्याच आनलावता की. डुप्लिकेट दिला आसंल त्या दुकानदारानं, आन म्या बगितलं न्हाई." आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "चुकलं माजं, बाई. उगं तुमची रोपं वाळली."

मी म्हणाले, "असू दे."

सोमवारपासून तो कामावर आहे; येताना पदरच्या पैशाने दुसरा, खात्रीचा फिल्टर आणून त्याने बसवला. प्रत्येक खेपेला घाटाच्या निम्म्यात गाडी बाजूला घेऊन खाली उतरतो आणि तो नवा फिल्टर तपासतो. मी बाजूला बसलेली असते आणि काही बोलत नाही.